बी आणि जमीन

नमस्कार मंडळी. आपल्या पुण्याच्या विद्यापीठात ट्यूमरच्या, म्हणजे कॅन्सरच्या गाठीच्या, भोवतालाचा अभ्यास करणारं केंद्र कसं उभं करावं, असा विषय पत्रिकेवर छापलाय. तिकडे येतेच. आधी सांगा, ज्वारी पिकवणाऱ्या घरातले इथे किती जण आहेत? वा, बरेच हात दिसतायत!

मग माझं निम्मं काम झालं. मालदांडीचं बी मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पेरलं तर नुसत्या ओलीवर कणीस भरतं. तेच बी मुरमाड माळावर टाका, गुडघ्याएवढं होऊन वाळून जाईल. कॅन्सरचं असंच असतं, हे स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जनने १८८९ साली मांडलं. स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी त्याने चाळल्या. रक्त यकृताला जातं तसं प्लीहेलाही जातं, मग कॅन्सर यकृतात वारंवार आणि प्लीहेत क्वचित, असं का? बी चहूकडे उधळतं, पण मानवेल त्याच जमिनीत रुजतं, हे त्याचं उत्तर. त्यानंतर कित्येक दशकं आपण बहुतेक सगळे बियाण्याकडेच बघत राहिलो.

ही जमीन म्हणजे काय? गाठीत फक्त कॅन्सरच्या पेशी नसतात. कोलॅजेन या चिवट प्रथिनाचं जाळं विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी असतात, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या असतात, जंतू आणि कचरा गिळणारे मॅक्रोफेज असतात, रोगट पेशी मारणाऱ्या टी पेशी असतात. स्वादुपिंडाच्या गाठीत तर हा भोवतालच बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त भरतो. टी पेशींचे ब्रेक कसे सोडायचे, या शोधाला २०१८ चं नोबेल मिळालं, अ‍ॅलिसन आणि होन्जो यांना. पण ब्रेक सुटूनही कित्येक गाठींत या पेशी वेशीबाहेरच अडकतात. का अडकतात, ते जमिनीलाच विचारावं लागतं.

कमल रणदिवे यांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १९१७ साली पुण्यात जन्मल्या, हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकल्या, आणि मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. शरीराबाहेर पेशी जगवायच्या तर त्यांना काय काय लागतं, हे त्या काळात हाताने शिकलेली ही बाई आपल्या गावची. हुजूरपागेच्या मुली आल्यात ना? तुमच्यासाठी सांगतेय हे.

आता माझी गोष्ट. वीसेक वर्षं झाली. गालाच्या कॅन्सरवर काम करायचं ठरवलं होतं. परवानग्यांना पाच महिने गेले. रुग्ण पुरंदरकडच्या एक मावशी, आयुष्यभर मिश्री लावलेल्या. संमतीचा कागद मी वाचून दाखवला, तेव्हा म्हणाल्या, "माझं काय व्हायचं ते हुईल गं पोरी, पुढचीला उपेगी पडू दे." ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सातपासून मी बर्फाचा डबा घेऊन दाराबाहेर उभी. दुपारी दोनला बाटली हातात आली. झाकण उघडलं आणि वासावरूनच कळलं, फॉर्मॅलिन! नमुना टिकवणारं, पण पेशी मारणारं रसायन. पेशी जिथल्या तिथे गोठल्या होत्या, जिवंत एकही नाही. आणणाऱ्या मामांची चूक नव्हती. काढलेला प्रत्येक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा, हाच तिथला नियम, आणि पॅथॉलॉजीसाठी तो बरोबरही आहे. जिवंत तुकडा हवाय हे आत कोणाला ठाऊकच नव्हतं. ते सांगण्याची जबाबदारी ना रुग्णालयात कोणाची होती, ना विद्यापीठात.

पुढच्या खेपेला तुकडा ताजा मिळाला, पण फक्त गाठीच्या मधला. रोप उपटावं, मुळांची माती झटकावी आणि मग म्हणावं, घ्या, आता शेतीचा अभ्यास करा! मी त्या मावशींकडे परत गेले होते. "झाला का उपेग?" असं त्यांनी विचारलं. मला काही बोलता आलं नाही.

चिठ्ठी आलीय, सहा मिनिटं उरली. मुद्द्यावर येते.

केंद्राने सुरुवात तोंडापासून करावी. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांच्या गालाच्या आतलं अस्तर कोलॅजेनने ताठर होत जातं, तोंड दोन बोटंही उघडत नाही. हा सबम्यूकस फायब्रोसिस. यातल्या काहींना पुढे कॅन्सर होतो. म्हणजे इथे जमीन आधी बिघडते आणि बी मागाहून रुजतं, तेही आरशासमोर दिसेल अशा जागी. असे रुग्ण आपल्या ओपीडीत रोज येतात.

तुकडे तीन घ्यायचे: गाठीचा, तिच्या कडेचा आणि शक्य असेल तिथे जरा लांबचा. निदानासाठी पॅथॉलॉजिस्टचा हक्क पहिला, उरलेलं पेशी जगवणाऱ्या थंड द्रवातून लगेच प्रयोगशाळेत. कोणती पेशी कोणाशेजारी बसलीय आणि तिची कोणती जनुकं चालू आहेत, हे आता तुकड्याच्या पातळ कापावर जागच्या जागी वाचता येतं. ते वाचायला संगणकवाले हवेत. ताठरपणा मोजायला इंजिनिअर हवेत. विद्यापीठाच्या आवारातच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, पाषाणला आयसर ही विज्ञानसंस्था आणि एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. माणसं आहेत, त्यांच्या आणि ऑपरेशन थिएटरच्या मधला रस्ता तेवढा नाहीये. संमतीपत्र साध्या मराठीत हवं, आणि तुकड्याचं पुढे काय झालं ते रुग्णाच्या घरी कळवायची सोय हवी.

इमारतीचा नकाशा नंतर काढू. यंत्रांची यादीही नंतर. पहिली नेमणूक थिएटरच्या आत उभं राहणाऱ्या माणसाची करा. पगारी, कायम, आणि हातात बर्फाचा डबा असलेल्या माणसाची.