खुब्याची वाटी फुटते तेव्हा

मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या ज्या वाटीत फिरतो, ती बाहेरून हाताला लागत नाही. एका बाजूला जाडजूड स्नायू, दुसऱ्या बाजूला ओटीपोट. वाहनाच्या धडकेत ती फुटली, की नेमकं काय झालंय हे चित्रांतूनच कळतं.

पहिला येतो समोरून काढलेला साधा एक्स-रे. त्यात जाणता सर्जन आधी रेषा पाहतो. वाटीला पुढून आणि मागून आधार देणारे हाडाचे जाड भाग म्हणजे खांब, तिच्या पुढच्या-मागच्या कडा म्हणजे भिंती, आणि वरचा भाग म्हणजे छत. पुढच्या खांबाची रेषा, मागच्या खांबाची, छताची, दोन्ही भिंतींच्या कडांची. कुठली रेषा तुटली, कुठली शाबूत राहिली, यावरून फ्रॅक्चरचा प्रकार उलगडतो.

पण समोरून पाहताना हाडं एकावर एक पडतात. म्हणून पेशंटला एकदा या कुशीकडे, एकदा त्या कुशीकडे ४५ अंशांनी कलतं करून आणखी दोन एक्स-रे काढतात. एकात पुढचा खांब आणि मागची भिंत मोकळी दिसते, दुसऱ्यात मागचा खांब आणि पुढची भिंत. फ्रान्समधल्या ज्युदे आणि लेतुर्नेल या सर्जननी याच चित्रांवरून १९६४ साली दहा प्रकारांची वर्गवारी मांडली. पाच साधे, पाच मिश्र. सीटी स्कॅन तेव्हा नव्हताच, तरी ती वर्गवारी आजही वापरात आहे!

फुटलेल्या खुब्यानं कुशीवर कलायचं म्हणजे काय यातना, ते सांगायला नको. त्यामुळे हल्ली पुष्कळ ठिकाणी ही तिरकी चित्रं सीटीच्या माहितीतूनच तयार करतात.

सीटीचं खरं मोल बारीकसारीक गोष्टींत आहे. सांध्यात अडकलेला हाडाचा कपचा, आत दबलेला कूर्चेखालचा तुकडा, हे एक्स-रेवर सहज निसटतं. मात्र सीटीच्या आडव्या कापांत, म्हणजे शरीराचा एकेक आडवा थर दाखवणाऱ्या चित्रांत, नवशिका हमखास गोंधळतो. वाटीला आडवं छेदणारं फ्रॅक्चर इथे पुढून मागे जाताना दिसतं, आणि खांब वेगळा करणारं फ्रॅक्चर डावीकडून उजवीकडे. हे एकदा डोक्यात बसलं, की निम्मं निदान झालं.

त्रिमितीय चित्रात मांडीचा माथा पुसून टाकता येतो आणि वाटी थेट आतून पाहता येते. पेशंटला समजावायला याहून चांगलं साधन नाही. पण हे देखणं चित्र बारीक, न सरकलेल्या भेगा गुळगुळीत करून टाकतं. निर्णय कापांवरूनच घ्यावा.

एमआरआयची पाळी क्वचित येते. एक्स-रे स्वच्छ, पण वयस्कर माणसाला पाय टेकवत नाही, अशा वेळी लपलेली भेग तो दाखवतो.

ही सगळी चित्रं स्थिर असतात. मागच्या भिंतीचा लहानसा तुकडा निघाला असेल, तर सांधा टिकेल की निखळेल, हे त्यांतून नेहमीच कळत नाही. मग पेशंटला भूल देऊन, सी-आर्म या फिरत्या यंत्राच्या चालू एक्स-रेखाली पाय दुमडून, दाब देऊन पाहतात. माथा जागेवरून सरकला, तर ऑपरेशन. जागीच राहिला, तर बहुधा टाळता येतं.