सफारीला निघताना स्टिअरिंग कोणाच्या हाती द्यायचं?

श्रोतेहो, नमस्कार.

आफ्रिकेत सफारीला जायचं ठरलं की पहिली चर्चा पैशांची होते. ती मिटते न मिटते तोच दुसरी सुरू होते: टूरबरोबर जायचं की आपलं आपण? कोणी म्हणतं, मुलूख अनोळखी, त्यात सिंह-हत्तींशी गाठ, तेव्हा सगळं ठरवून दिलेलं बरं. कोणी म्हणतं, मला दुसऱ्याच्या घड्याळावर फिरायचं नाही. माझं मत असं आहे की आधी जंगल निवडावं. जंगल ठरलं की निम्मं उत्तर आपोआप मिळतं.

दक्षिण आफ्रिकेतलं क्रुगर घ्या. 1926 साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे जंगल जवळजवळ वीस हजार चौरस किलोमीटर पसरलंय आणि त्यातून चक्क डांबरी रस्ते जातात. स्कुकुझा, साटारा, लोअर साबी अशा कुंपण घातलेल्या मुक्कामाच्या जागा आहेत. तिथे राहायला खोल्या आहेत, दुकान आहे, पेट्रोल मिळतं. साधी भाड्याची मोटार पुरते. वाहनं रस्त्याच्या डावीकडून चालतात. डांबरी रस्त्यावर ताशी 50 आणि कच्च्या रस्त्यावर 40 किलोमीटरची वेगमर्यादा आहे, पण जनावरं दिसायला हवी असतील तर याच्या निम्म्यानेच जावं. नामिबियातलं इटोशाही असंच. मधोमध मिठाचं अफाट पांढरं मैदान आणि त्याच्या कडेने पाणवठे. कोरड्या दिवसांत इतरत्र पाणी उरत नाही, म्हणून सगळे प्राणी याच पाणवठ्यांवर येतात. गाडी उभी करून बसून राहणं एवढंच तुमचं काम. ओकाउकुएयोच्या मुक्कामी तर रात्री दिवे लावलेला पाणवठा आहे. तिथे काळे गेंडे पाणी प्यायला येतात आणि तुम्ही कुंपणाच्या अलीकडे बाकावर बसून बघता. अशा ठिकाणी दिवसभरासाठी गाईड घेतलाच पाहिजे असं मला वाटत नाही.

टांझानियातलं सेरेंगेटी आणि केनियातलं मसाई मारा इथे मात्र हिशेब उलटा होतो. पाऊस पडला की तिथली काळी माती अशी काही चिकट होते की मोठ्या जीपसुद्धा रुततात. शिवाय दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट, म्हणजे गाईसारखे दिसणारे मोठे हरणवर्गीय प्राणी, पावसामागून चालत असतात. वर्षाच्या सुरुवातीला ते दक्षिणेकडे एन्डुटूच्या गवताळ मैदानांवर असतात, तिथेच त्यांची पिल्लं जन्मतात. साधारण जुलैपासून ते उत्तरेला मारा नदीपाशी पोचतात. पण नेमका आजचा कळप कुठे आहे, हे पुस्तकात सापडत नाही. ते त्या मैदानांवर रोज फिरणाऱ्या, एकमेकांना वायरलेसवरून कळवणाऱ्या गाईड मंडळींना ठाऊक असतं. पूर्व आफ्रिकेत पहिल्यांदा जाणाऱ्याने म्हणूनच गाईड घ्यावा, असं मी आग्रहाने सांगेन.

चांगला गाईड जनावर दाखवतो, पण ते दिसण्याआधी तो काय करतो तेही बघण्यासारखं असतं. इम्पाला हरणांचा कळप चरतोय. आपल्याला हरणं दिसतात, आपण फोटो काढतो. त्याला दिसतं की चरणं थांबलंय, सगळ्यांची तोंडं एकाच झुडपाकडे आहेत आणि एक नर नाकातून फुत्कारतोय. तो इंजिन बंद करतो आणि ऐकत राहतो. वर झाडात व्हर्व्हेट माकडं ओरडत असतात. या माकडांचा बिबट्यासाठीचा आवाज वेगळा, गरुडासाठीचा वेगळा, सापासाठीचा वेगळा, हे संशोधकांनी 1980 साली प्रयोगांनी दाखवून दिलं. गाईडला तो फरक कानानेच कळतो. मग पाच-दहा मिनिटांनी झुडपातून ठिपक्यांची शेपटी हलते. आपण एकटे असतो तर हरणांचा फोटो काढून कधीच पुढे गेलो असतो.

मात्र गाईड आणि ड्रायव्हर यांत फरक आहे, आणि टूरची माहितीपत्रकं तो फरक सहसा सांगत नाहीत. केनियात व्यावसायिक सफारी गाईडांच्या संघटनेच्या परीक्षा असतात, त्यांत ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आहेत. तुमच्याबरोबर येणारा माणूस कोणत्या पायरीवर आहे, हे पैसे भरण्याआधी विचारायला संकोच करू नका. गाडीत किती माणसं असतील, प्रत्येकाला खिडकी मिळेल का, उद्यानाचं शुल्क धरलंय का, हेही विचारा.

आणि सगळ्यात आधी विचारा, एका जागी किती रात्री आहेत? सात दिवसांत पाच उद्यानं असा कार्यक्रम कागदावर भरगच्च दिसतो. प्रत्यक्षात त्यातले कितीतरी तास खडबडीत रस्त्यावर जातात आणि पहाटेची वेळ, जी जंगलात खरी मोलाची, ती सामान बांधण्यात जाते. एका जंगलात निदान तीन रात्री नसतील तर मी तो कार्यक्रम घेणार नाही.

वेळेचा प्रश्न गाडीच्या आतही असतो. मातीच्या उंचवट्यावर चित्ता बसलाय, दूरच्या गॅझेल हरणांकडे बघतोय. चित्ता दिवसाउजेडी शिकार करतो, म्हणून थांबण्यात अर्थ आहे. पण गाडीत सहा अनोळखी माणसं असतील तर कोणाला भूक लागते, कोणाला सिंह बघायचा असतो, आणि वीस मिनिटांत गाडी निघते. परवडत असेल तर गाईडसह पूर्ण गाडी आपल्या माणसांसाठी घ्यावी. चार जण मिळून गेलात तर खर्च वाटला जातो.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. मारा नदीवर कळप उतरायच्या वेळी काठावर गाड्यांची एवढी गर्दी होते की कधीकधी जनावरांची वाटच अडते. ड्रायव्हर नियम मोडतात ते पुष्कळदा प्रवाशांच्या हट्टापायी आणि बक्षिसीच्या आशेने. पहिल्याच सकाळी त्याला सांगा, आम्हाला जवळ जायचं नाही, लांबून बघू. त्याच्यावरचं ओझं तेवढ्याने उतरतं.

स्वतः गाडी चालवणार असाल तर ही जबाबदारी पूर्णपणे तुमची. ठरलेल्या जागा सोडून गाडीबाहेर पाय टाकायचा नाही, आणि फाटक बंद व्हायच्या आत मुक्कामी पोचायचं. हत्तीबद्दल थोडं वाचून जा. नराच्या डोळ्यामागून, गालावरून ओघळ आलेला असेल आणि मागचे पाय मूत्राने ओले असतील, तर तो माजावर आहे. त्याला रस्ता द्या, लांबूनच मागे फिरा. बरोबर पिल्लं असलेल्या कळपाच्या मधून गाडी कधीही घालू नका. आणि तिकडे उन्हाळ्यात पाऊस पडतो, त्या पावसात गवत वाढलेलं असताना छोट्या मोटारीच्या खिडकीतून गवतच दिसतं, हेही ध्यानात ठेवा. त्या दिवसांत उंच गाडी घ्यावी.

क्रुगरमध्ये मधली वाट फार चांगली आहे. दिवसा आपल्या गाडीने फिरा आणि पहाटेची किंवा रात्रीची एखादी फेरी उद्यानाच्या गाईडबरोबर करा. त्यांच्या गाड्या फाटक उघडण्याआधी बाहेर पडतात आणि अंधारातही फिरू शकतात. तुम्हाला ती परवानगी नाही. पायी चालायचं असेल तर बंदूकधारी गाईडशिवाय चालू देत नाहीत. पायी सफारीसाठी झांबियातल्या साउथ लुआंग्वाचं नाव आहे, नॉर्मन कार यांनी 1950 साली तिथेच पाहुण्यांसाठी मुक्काम सुरू केला होता. युगांडात बविंडीच्या जंगलात गोरिला बघायचे तर निवडीचा प्रश्नच नाही: परवाना काढायचा, आठ जणांची तुकडी, बरोबर वाटाड्या, आणि गोरिलांजवळ एक तास.

बरोबर लहान मुलं असतील तर माझा कल सरळ आपल्या गाडीकडे आहे. उघड्या जीपमध्ये बऱ्याच ठिकाणी लहानग्यांना घेतच नाहीत, आणि पायी फेरीला तर बहुतेक मोठी मुलंच चालतात. आपली गाडी असली की मूल कंटाळलं तर मुक्कामी परतता येतं, जेवून-झोपून चार वाजता पुन्हा निघता येतं. शिवाय मुलांना सिंहच हवा असतो असं नाही. शेणाचा गोळा ढकलत नेणाऱ्या भुंग्यापाशी त्यांना अर्धा तास थांबायचं असेल, तर गाडी कडेला घेऊन, काच खाली करून, खुशाल थांबा.

नमस्कार.