शत्रूनेच जपलेला शेतीचा ग्रंथ

नमस्कार मंडळी! साल इसवी सनपूर्व १४६. आजच्या ट्युनिसजवळचं कार्थेज शहर रोमन सैन्याने जाळून टाकलं. तिथली ग्रंथालयं रोमच्या सिनेटने आफ्रिकेतल्या राजांना वाटून दिली. ठेवून घेतला तो एकच ग्रंथ, कार्थेजच्याच मागोने प्युनिक, म्हणजे कार्थेजच्या भाषेत लिहिलेला शेतीवरचा, तब्बल २८ खंडांचा! तो लॅटिनमध्ये आणायचं काम प्युनिक जाणणाऱ्यांवर सोपवलं.

आता गंमत बघा. रोमकडे काटो या रोमन राजकारण्याचं शेतीचं पुस्तक आधीपासून होतं. हा तोच काटो, ज्याने ‘कार्थेज नष्ट करा’ असा धोशा लावला होता. तरीही रोमला मागो हवाच होता. एखाद्या लेखकाचा याहून मोठा मान मला तरी सुचत नाही.

असं काय होतं त्यात? सुरुवातीलाच मागो बजावतो: शेत घ्यायचंय ना, मग शहरातलं घर विका. मालक बांधावर हवा, हे त्याचं म्हणणं.

आणि त्याची मनुकांची वाइन! शेतीवर लिहिणारा रोमन लेखक कोलुमेला याने ही कृती पूर्ण दिली आहे. चांगले पिकलेले घड तोडायचे, बुरशी लागलेले मणी काढून टाकायचे. बोरूच्या मांडवावर ते उन्हात पसरायचे आणि रात्री दव लागू नये म्हणून झाकायचे. सुकले की मणी खुडून भांड्यात भरायचे आणि बुडतील इतका ताजा द्राक्षरस ओतायचा. सहाव्या दिवशी, फुगलेले मणी पिळून काढायचे. दवाची ती काळजी वाचली की कळतं, हा माणूस द्राक्षांजवळ राहिलेला आहे.

बैल कसा निवडावा, हेही त्याने लिहिलं. रोमन लेखक वारोच्या ग्रंथातला एक पशुपालक सांगतो की, गुरांच्या आरोग्याबद्दल मागोच्या पुस्तकांतून उतरवून घेतलेलं तो आपल्या गुराख्याकडून वाचून घेतो.

पुढे उत्तर आफ्रिकेतल्या युटिका शहराच्या कॅसियस डायोनिसियसने मागोच्या ग्रंथाचे ग्रीकमध्ये २० खंड केले, आणि डायोफेनिसने ते ६ खंडांत आटोपले. मूळ ग्रंथ, ही भाषांतरं, सगळंच हरवलं. उरले ते इतरांनी दिलेले उतारे. कोलुमेला तर मागोला शेतीचा पिता म्हणतो.

मागोपर्यंत पोचायचं असेल तर कोलुमेलाच्या शेतीवरच्या ग्रंथाचा बारावा खंड उघडा. वाइनच्या या कृतीबरोबर, डाळिंबं समुद्राच्या उकळत्या पाण्यात बुडवून कशी टिकवायची, तेही तिथे आहे.