लाईट नाही, पण दिवा चालू आहे

मंडळी, नमस्कार.

इंग्रजी शब्दांच्या गमतीजमती सांगा, असा आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीचा हुकूम आहे. मिळालेल्या वेळात एकच शब्द मावेल, म्हणून 'लाईट' निवडला.

उजेड म्हणजे लाईट आणि हलकं म्हणजेही लाईट. एका शब्दाचे दोन अर्थ, असं आपण धरून चालतो. खरं तर हे मुळात दोन निरनिराळे शब्द. बोलता बोलता झिजले आणि एकसारखे दिसायला लागले. उजेडाचा लाईट आपल्या संस्कृत 'रुच्' धातूच्या, म्हणजे चमकण्याच्या गोतातला; 'रुची' आणि 'रोचक' त्याच घरचे. हलका लाईट हा 'लघु'चा भाऊबंद. फुप्फुसाला इंग्रजीत लंग म्हणतात तोही याच कुळातला, कारण फुप्फुस वजनाला हलकं. इथे परदेशात गाड्यांमध्ये 'अलाइट हिअर', म्हणजे 'इथे उतरा', ऐकू येतं, त्यातही दिव्याचा संबंध नाही. घोड्यावरून उतरून त्याचा भार हलका करायचा, ते हे उतरणं. 'डिलाइट' मात्र दोघांचाही कुणी नाही. तो लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला पाहुणा. लाईटच्या संगतीनं त्याच्या स्पेलिंगमध्ये 'जीएच' घुसले, इतकंच.

मिरजेकडच्या वडीलधाऱ्यांना बार्शी लाईट आठवत असेल. त्या रेल्वेच्या नावातला लाईट वजनाचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं अडीच फुटी रुळांची ही गाडी १८९७ मध्ये सुरू केली. कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हा त्याचा दंडक. त्यामुळे हलक्या, स्वस्त रुळांवर भागलं. पंढरपूरहून ती मिरजेला पोचली १९२७ मध्ये.

पण सांगली जिल्ह्यानं या शब्दाला जे नवं काम लावलं, ते इंग्रजाच्या डोक्यातही आलं नसतं. आमचे तात्या पलूसकडे ऊस करतात. परवा रात्री तिकडे जेवणं झाल्यावर व्हिडिओ कॉल लावला.

"तात्या, काय चाललंय?"

"काय न्हाई, बसलोय लाईटीची वाट बघत."

माझी लेक शेजारी होती. ती म्हणाली, "आजोबा, तुमच्या मागं बल्ब तर चालू आहे!"

"ती सिंगल हाय गं बाळा. लाईट अकराला येणार."

पोरगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला समजावताना मलाही मजा वाटली. वस्तीवरचे दिवे सिंगल फेजवर लागतात, पण विहिरीवरची मोटर त्यावर उचलत नाही; तिला थ्री फेज लागतो. तो येतो पाळीनं, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. म्हणून दिवा डोळ्यांसमोर जळत असताना शेतकरी म्हणतो, लाईट नाही. उलट भर दुपारी टळटळीत उन्हात बांधावरून हाक येते, "लाईट हाय का रं?" तिथं लाईट म्हणजे पाणी पाजायची सोय. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाला तर चार दिवस 'लाईट न्हाई', मग आकाशात सूर्य असो नाहीतर पुनवेचा चंद्र.

लिंगसुद्धा या शब्दानं मराठीतच कमावलं. पुष्कळांच्या तोंडी दिवा असेल तर 'लाईट लावला', आणि वीज असेल तर 'लाईट गेली', कारण वीज ती. पुण्यामुंबईकडे 'लाईट गेले' असंही म्हणतात. एकदम सगळे कुठे जातात, ते त्यांनाच ठाऊक! मला विचाराल तर आमची 'गेली'च बरी. इतकी नियमानं नांदणारी लाईट आता इंग्रजी कसली राहिली? तेव्हा घरी आजी-आजोबा असं बोलले की मुलांनी त्यांना दुरुस्त करायला जाऊ नये.

वजनाचा लाईटही गावात मागं नाही. चहा लाईट. आणि कॉलेजची पोरं एकमेकांना सांगतात, "लाईट घे रे", म्हणजे मनाला लावून घेऊ नको. हेच मी एकदा तात्यांना म्हणालो. ते म्हणाले, "घेतली की! कनेक्शनचं कोटेशन भरून दोन वर्सं झाली, खांबच आला न्हाई अजून."