पहलवींचं तख्त

१९४१. पावसाळा नुकताच सरलेला. मुंबईबाहेरच्या समुद्रात एक जहाज येऊन थांबतं. त्यावर आहे इराणचा पदच्युत बादशहा रझा शाह पहलवी आणि त्याचं कुटुंब. मुंबईत उतरायला मिळेल, अशी त्यांची आशा. पण ब्रिटिश अधिकारी क्लेरमाँट स्क्राइन जहाजावर चढतो आणि सांगतो, इथे उतरता येणार नाही, तुम्हाला मॉरिशसला जायचंय.

माझंदरानच्या डोंगरातला हा गरीब घरचा मुलगा रशियन अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या कोसॅक ब्रिगेड या इराणी फौजेत शिपाई म्हणून भरती झाला होता. १९२१ मध्ये तो फौज घेऊन तेहरानवर चालून आला आणि १९२५ मध्ये काजार घराणं हटवून स्वतः तख्तावर बसला. चहा-साखरेवर कर बसवून त्यानं आखातापासून कॅस्पियनपर्यंत रेल्वे नेली, तेहरानमध्ये विद्यापीठ उभारलं. आणि १९३६ मध्ये बायकांच्या डोक्यावरची चादर, म्हणजे बुरख्यासारखं वस्त्र, पोलिसांकरवी ओढून काढली. संसद होती, पण मान डोलावण्यापुरती. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटन आणि सोव्हिएत रशियाच्या फौजा घुसल्या, तेव्हा त्याचं लाडकं सैन्य काही दिवसांत कोलमडलं.

तख्तावर आला त्याचा एकवीस वर्षांचा मुलगा, मोहम्मद रझा शाह.

त्याच्या राजवटीचा शेवट समजून घ्यायचा, तर १९७९ च्या क्रांतीआधी १९५३ कडे बघायला हवं. १९५१ मध्ये इराणच्या संसदेनं तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं. त्या लढ्याचे नेते मोहम्मद मोसद्देक पंतप्रधान झाले. कायदा मानणारा, संसदेतून लढणारा हा वयोवृद्ध माणूस. त्यांच्याविरुद्ध ब्रिटन आणि अमेरिकेच्या गुप्तहेरांनी कट रचला, शाहनं बडतर्फीच्या फर्मानावर सही केली. पहिला डाव फसला, तेव्हा शाह बगदादमार्गे रोमला पळाला. १९ ऑगस्टला दुसरा डाव साधला आणि तो परतला. मोसद्देक तीन वर्षं तुरुंगात आणि मग मरेपर्यंत, म्हणजे १९६७ पर्यंत, इराणमधल्या अहमदाबाद या आपल्या गावी नजरकैदेत राहिले. राजाला संसदेच्या मर्यादेत आणू पाहणारा सगळ्यात मोठा आवाज त्या दिवशी दाबला गेला. माझ्या मते पहलवी घराण्याची खरी हार तिथेच झाली.

पुढे १९५७ मध्ये सावाक ही गुप्तचर संघटना आली. १९६३ मध्ये शाहनं ‘श्वेतक्रांती’ जाहीर केली: जमिनींचं फेरवाटप, स्त्रियांना मताधिकार, खेड्यांत शिक्षक. यातलं बरंचसं चांगलंच होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण विरोध करणारे शिया धर्मगुरू आयातुल्ला खोमेनी यांना १९६४ मध्ये देशाबाहेर घालवलं. १९७१ मध्ये पर्सेपोलिस या प्राचीन इराणी राजधानीच्या भग्नावशेषांजवळ तंबूंचं शहर उभं राहिलं, अडीच हजार वर्षांच्या राजेशाहीचा सोहळा झाला, जेवण पॅरिसहून आलं. १९७३ नंतर तेलाचा पैसा धो धो आला, महागाईही आली. १९७५ मध्ये एकच पक्ष उरला, रस्ताखीज. १९७६ मध्ये तर कॅलेंडरच बदललं: वर्षं हिजरीऐवजी प्राचीन सम्राट सायरसच्या राज्यारोहणापासून मोजायची. लोक १३५५ साली झोपले आणि २५३५ साली उठले!

पक्ष नाही, वृत्तपत्र नाही, संसद नाही. मग तक्रार सांगायची कुठे? मशिदीत.

जानेवारी १९७८ मध्ये ‘इत्तेलाआत’ या वृत्तपत्रात खोमेनींची बदनामी करणारा लेख आला. कोम शहरात निदर्शनं झाली, गोळीबारात माणसं मेली. शिया रीतीप्रमाणे चाळीस दिवसांनी मृतांचा चेहलम असतो. तो तब्रीझमध्ये पाळला गेला, तिथे पुन्हा माणसं मेली. आणखी चाळीस दिवसांनी यझ्द. ज्या दुःखाला सरकार बंदी घालू शकत नव्हतं, त्याच दुःखानं आंदोलनाला तारखा दिल्या. ८ सप्टेंबरला तेहरानच्या झालेह चौकात सैन्यानं गर्दीवर गोळ्या झाडल्या. त्यानंतर तेल कामगारच संपावर गेले आणि राज्याचा श्वास कोंडला. नोव्हेंबरमध्ये शाह टीव्हीवर म्हणाला की तुमच्या क्रांतीचा आवाज मी ऐकला आहे. कॅन्सर त्याला आतून पोखरत होता, हे देशाला ठाऊक नव्हतं.

अखेर त्यानं पंतप्रधान नेमला तो शापूर बख्तियार यांना, मोसद्देक यांच्याच सरकारातल्या एका माजी उपमंत्र्याला. बख्तियारांनी वृत्तपत्रं मोकळी केली, राजकीय कैदी सोडले, सावाक बरखास्त करण्याचा कायदा आणला. पंचवीस वर्षांपूर्वी हे झालं असतं तर! १६ जानेवारी १९७९ ला शाह मेहराबाद विमानतळावरून इजिप्तला निघाला. १ फेब्रुवारीला खोमेनी परतले. ११ फेब्रुवारीला सैन्यानं तटस्थता जाहीर केली आणि बख्तियार भूमिगत झाले. त्यांचं सरकार टिकलं होतं जेमतेम पाच आठवडे.