जोवर वास, तोवर राखण

बसा बसा, मागे उभं राहू नका, इथे पुढे जागा आहे. आजचा विषय कसा ठरला ते आधी सांगतो. आपल्यातल्याच एका ताईंचा होमस्टे आहे, त्या भेटल्या आणि म्हणाल्या, सर, गेस्टना संध्याकाळी अंगणात बसायचं असतं, डास फोडून काढतात, कॉइल लावली की म्हणतात केमिकल नको, काहीतरी घरगुती द्या, तर काय देऊ? मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येईना, म्हणून म्हटलं सगळ्यांना एकत्र बसवूनच बोलूया.

डास आपल्याला शोधतो कसा ते आधी बघा. शोधतो म्हणजे शोधते, कारण चावते ती मादीच, तिला अंड्यांसाठी रक्तातलं प्रोटीन लागतं. आपण श्वास सोडतो त्यातला कार्बन डायऑक्साइड तिला लांबून कळतो, त्या दिशेने ती येते, जवळ आली की घामाचा वास, अंगाची ऊब, दमटपणा यावरून नेमकी जागा धरते. आपण अंगाला लावतो ते तेल डासाला मारत नाही, फक्त तिला जागा सापडू देत नाही किंवा बसू देत नाही. आणि वास उडाला की काम संपलं. जोवर वास, तोवर राखण, एवढं धरून ठेवा, पुढचं सगळं त्यातूनच येतं.

आता सिट्रोनेला. गवती चहाच्याच भावकीतलं गवत, त्याचं तेल. वास छान, पण उडतो फार लवकर. २००२ साली अमेरिकेत एक चाचणी झाली, माणसांनी तेल लावून डासांच्या पिंजऱ्यात हात घातले आणि पहिला डास कधी चावतो ते घड्याळ लावून मोजलं. सिट्रोनेलावाल्या वस्तू वीस मिनिटंही टिकल्या नाहीत. सोयाबीन तेल असलेलं एक मलम साधारण दीड तास टिकलं, आणि सुमारे २४ टक्के डीट, म्हणजे डास दूर ठेवणारं रसायन, असलेलं औषध पाच तास. मनगटात घालायचे ते सुगंधी पट्टे, ते तर जवळपास काहीच नाही. म्हणजे सिट्रोनेला फुकट आहे असं नाही, पण गेस्टला सात वाजता लावून दिलं आणि तो दहापर्यंत बसला तर उरलेला सगळा वेळ तो उघडाच आहे, हे त्याला सांगायला हवं ना.

निंबोळी तेलाचं जरा वेगळं. ते जड असतं, सावकाश उडतं. १९९३ मध्ये दिल्लीतल्या मलेरियाच्या संशोधकांनी खोबरेल तेलात दोन टक्के निंबोळी तेल घालून लोकांना लावलं, तर मलेरियाच्या डासांपासून रात्रभर संरक्षण मिळाल्याचं त्यांनी लिहिलंय. दुसऱ्या जातीच्या डासांवर इतका गुण येईलच असं मी म्हणणार नाही, त्यामुळे रात्रभराची खात्री कोणाला देऊ नका, पण खर्च नाही, करून बघण्यासारखं आहे. १०० मिली खोबरेलाला २ मिली निंबोळी तेल, म्हणजे अर्ध्या चमच्याहून कमीच. वास उग्र आहे म्हणून गेस्ट नाक मुरडतील, मुरडू देत. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबा, खाज आली नाही तरच पुढे. आणि एक वही ठेवा हो, लावलं किती वाजता आणि पहिला डास बसला किती वाजता, दोनच रकाने. पंधरा दिवसांत तुमच्या अंगणाचं तुम्हालाच कळेल. माझ्या आजीच्या घरी करंजेल, म्हणजे करंजाच्या बियांचं तेल, पायाला लावून आम्ही भाताच्या लावणीला जायचो, ते किती वेळ टिकायचं हे तेव्हा कोणीच लिहून ठेवलं नाही याची मला खंत वाटते.

लेमन युकॅलिप्टसचं, म्हणजे लिंबाच्या वासाच्या एका निलगिरीचं, मात्र नीट ऐका. त्यापासून शुद्ध करून काढलेलं जे रिपेलंट, म्हणजे डास दूर ठेवणारं औषध, मिळतं ते वनस्पतीजन्य गोष्टींत सगळ्यात भरवशाचं, पण दुकानात मिळणारं निलगिरीचं तेल म्हणजे ते नव्हे, आणि तीन वर्षांखालच्या मुलांना तेही लावायचं नाही. निलगिरी तेल आणि कापूर, दोन्ही मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा, पोटात गेलं तर थोड्याशानेही झटके येतात.

आणि लिंबू. हे मी स्वतः केलंय म्हणून सांगतो. आंबोलीला मुलांची सहल नेली होती, पावसाळा नुकताच संपलेला, डास फार, मी पोरांना म्हटलं लिंबं कापा आणि हातापायाला चोळा. डासांचं काय झालं ते सोडा, पण त्यानंतर दिवसभर आम्ही उन्हात फिरलो, आणि पुढच्या एकदोन दिवसांत तीन मुलांच्या हातावर भाजल्यासारखे चट्टे आले, एकाला फोड आले, काळे डाग महिनोन्‌महिने गेले नाहीत. लिंबाच्या सालीत असं द्रव्य असतं की त्यावर ऊन पडलं की कातडी भाजते. मला ते माहीत असायला हवं होतं, मी विज्ञान शिकवत होतो. म्हणून कृपा करून उन्हात जाताना लिंबू अंगाला चोळू नका, मुलांना तर नाहीच. आणि शेतावर जाताना घासलेट, डिझेल चोळायची सवय ज्यांना आहे त्यांनी ती आजपासून सोडा.

धुराचं विचाराल, तर गोठ्यात गोवरी पेटवून वर निरगुडीचा नाहीतर कडुलिंबाचा ओला पाला टाकतात, त्याने डास हटतात हे खरंय. पण डास हटवतो तोच धूर आपल्या छातीत जातो. एका कॉइलमधून जेवढे बारीक कण निघतात ते ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात असं एका अभ्यासात मोजलंय, आणि पाल्याचा धूर नॅचरल आहे म्हणून तो फुप्फुसाला काही वेगळा कळत नाही. उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूने, थोडा वेळ, इतकंच. घरात दमेकरी किंवा तान्हं मूल असेल तर नकोच.

ताई, तुमच्या अंगणासाठी माझं खरं उत्तर पंखा आहे. स्टँडचा साधा पंखा, टेबलाखाली पायांकडे तोंड करून. डास उडण्यात कच्चा असतो, वाऱ्यात त्याला टिकता येत नाही, शिवाय आपला श्वास आणि घामाचा वास पांगतो. हे सगळ्यात नैसर्गिक आहे. त्याच्या जोडीला आठवड्यातला एक कोरडा दिवस, पिंप, हंडे, फ्रिजमागचा ट्रे, नारळाच्या करवंट्या सगळं रिकामं करून घासायचं, नुसतं ओतून नाही, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून सुकीच महिनोन्‌महिने जिवंत राहतात. हा डास दिवसा चावतो, म्हणून फक्त संध्याकाळी दारं लावून भागत नाही.

आता जे सांगायला मी खरं तर आलोय ते. काजूच्या बागेत जाणाऱ्या, पातेरा म्हणजे वाळलेला पाला गोळा करणाऱ्या बायका इथे बसल्यात. माकडताप, म्हणजे क्यासनूर जंगलाचा ताप, गोचिडीमुळे होतो, २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आला, २०१६ पासून सिंधुदुर्गातल्या आपल्या दोडामार्गात. गोचिडीची पिल्लं तिळाएवढी, पातेऱ्यात बसलेली, दिसतसुद्धा नाहीत, आणि हंगाम नेमका डिसेंबर ते मे, आपल्या काजूचाच. इथे निंबोळी नाही, करंजेल नाही, घरगुती काहीही पुरेसं नाही. असल्या भागात आरोग्य खातं गोचीड दूर ठेवणारं डीपा तेल देतं, आपल्याच ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेत तयार झालेलं, ते लावायचं. केमिकल आहे म्हणून बाटली कोनाड्यात ठेवून दिलेली मी पाहिलीय, तसं करू नका हो. अंगभर फिक्या रंगाचे कपडे, सलवार किंवा पँट मोज्यात खोचलेली, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि आंघोळ लगेच. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, फोन करायचा. अचानक जोराचा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, तर बागेत गेलो होतो हे डॉक्टरला आपणहून सांगायचं.

गोचीड चिकटलेली दिसली तर तेल ओतू नका, काडी पेटवून लावू नका, बोटाने चिरडू नका. बारीक चिमट्याने कातडीला अगदी लागून धरायची, न पिळता सरळ वर ओढायची, मग जागा साबणाने धुवायची. मागच्या टेबलावर चिमटे ठेवलेत, जाताना घरटी एक घ्या, आणि डीपाची बाटली संपलेल्यांनी आशाताईंकडे नाव देऊन जा.