यहूदाला कारण कोणी पुरवलं?

मंडळी, मार्कच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय काढून बघा. येशूचं चरित्र सांगणारी शुभवर्तमानं चार: मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची. त्यांत मार्कचं सर्वांत जुनं, इसवी सन 70 च्या आसपासचं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिथं यहूदा इस्कर्योताची करणी दोन वचनांत आटोपते. येशूच्या बारा शिष्यांपैकी एक असलेला यहूदा मुख्य याजकांकडे गेला आणि येशूला त्यांच्या हाती द्यायला तयार झाला. ते खूश झाले, त्यांनी पैसे द्यायचं कबूल केलं. संपलं. तो का गेला, याबद्दल मार्क अवाक्षर काढत नाही. आणि पैशाची गोष्ट इथं याजक काढतात, यहूदा नाही.

यहूदानं असं का केलं, हे विचारताना ही रिकामी जागा आपण विसरतो. कारण नंतरच्यांनी ती भरून टाकली आहे. मत्तयात यहूदा स्वतःच विचारतो, ‘मला काय द्याल?’ आणि 30 चांदीची नाणी मोजून घेतो. लूक म्हणतो, त्याच्यात सैतान शिरला. योहान सैतानही ठेवतो आणि वर एक आरोप करतो: हा मुळातच चोर होता, पैशांची थैली याच्याकडे असायची आणि हा त्यातले पैसे लांबवायचा. शतक संपता संपता मार्कचा गप्प माणूस लोभी, झपाटलेला आणि चोर असा तिन्ही होऊन बसतो.

बेथानीतल्या जेवणाचा प्रसंग शेजारी शेजारी ठेवून वाचला की ही भर कशी पडत गेली ते डोळ्यांनी दिसतं. जेवताना एक बाई येते आणि जटामांसीचं अस्सल, महागडं सुगंधी तेल येशूवर ओतते. मार्क म्हणतो, तिनं कुपी फोडली. कोणीतरी कुरकुरतं, ‘हे 300 दीनारांना विकून गोरगरिबांना देता आलं असतं.’ कोण कुरकुरलं? मार्क म्हणतो, ‘काही जण’. मत्तय म्हणतो, ‘शिष्य’. योहान म्हणतो, यहूदा! तीच तक्रार, तेच तेल. पण बोट हळूहळू एकाच माणसाकडे वळत गेलं. तसा हा आक्षेप काही वावगा नव्हता, गरिबांना द्या हे तर येशूच सांगत आला होता. पुढे तो एकट्या यहूदाच्या तोंडी गेला आणि बाकीचे सुटले.

आता हिशेब करू. मत्तयातच द्राक्षमळ्यातल्या मजुराची कथा आहे, त्याची दिवसाची मजुरी एक दीनार. म्हणजे ते तेल जवळजवळ वर्षभराच्या मजुरीचं. आणि 30 नाणी? ती मंदिरात चालणारी शेकेल धरली तर एका नाण्याचे साधारण चार दीनार, सगळे मिळून 120. तेलाच्या निम्म्याहूनही कमी! ज्याच्या हातात कायमची थैली आहे आणि जो त्यातून रोज थोडं थोडं उडवतोय, तो चोर एवढ्याशा रकमेसाठी थैलीच का गमावेल? हा व्यवहार चोरालासुद्धा परवडणारा नाही. तीसचा आकडा मार्कला माहीत नाही, लूकला माहीत नाही. पण जुन्या करारात बघा. निर्गम या पुस्तकात बैलानं गुलामाला मारलं तर मालकाला द्यायची भरपाई 30 शेकेल आहे. जखऱ्याच्या पुस्तकात मेंढपाळाच्या हातावर 30 नाणी टेकवली जातात आणि तो ती परमेश्वराच्या मंदिरात फेकून देतो. परंपरेनं मत्तयाला जकातदार ठरवलंय खरं, पण हा आकडा जकातनाक्यावरचा नाही, पोथीतला आहे.

सैतानाबद्दल मी थोडक्यातच बोलेन. श्रद्धेच्या भाषेत ते उत्तर असेल. पण येशूनं ‘सैताना, माझ्यामागे हो’ असं तोंडावर म्हटलं ते पेत्र या शिष्याला, यहूदाला नव्हे.

मग उरतो अपेक्षाभंग. माझा कल इकडे आहे. प्रसंग बघा: वल्हांडणाचा सण, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याची आठवण. यरुशलेम माणसांनी फुललेलं, बंदोबस्तासाठी रोमन सुभेदार पिलात शहरात आलेला. येशू गाढवावर बसून येतो, लोक जयजयकार करतात, मंदिरात तो सराफांचे चौरंग उलथून टाकतो. आता काहीतरी होणार, असं कोणालाही वाटलं असतं. याकोब आणि योहान हे शिष्य तर आधीच येशूच्या राज्यातली उजव्या-डाव्या बाजूची आसनं मागून बसले होते! आणि हा गुरू बोलतोय काय, तर मरणाच्या गोष्टी. बेथानीत त्या बाईची बाजू घेताना तो म्हणाला, तिनं हे माझ्या उत्तरकार्याची तयारी म्हणून केलंय. मार्कमध्ये हा प्रसंग संपल्यावर लगेच पुढचं वाक्य: यहूदा याजकांकडे गेला. मार्क कारण सांगत नाही, पण दोन गोष्टी एकापुढे एक ठेवतो.

तरी एक गाठ सुटत नाहीच. निराश झालेला माणूस घरी जातो. योहानाच्या सहाव्या अध्यायात कितीतरी शिष्य असे निघून गेले, त्यांना कोणी गद्दार म्हणत नाही. यहूदा गेला नाही, राहिला. काहींचं म्हणणं, त्याला येशूवर वेळ आणायची होती, म्हणजे तरी तो आपलं सामर्थ्य दाखवेल. मत्तयातला यहूदा शिक्षा ठरल्याचं पाहून हादरतो, त्याला हे जुळतं. पण पुरावा एवढाच. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या, मूळ दुसऱ्या शतकातल्या, पण कॉप्टिक या जुन्या इजिप्शियन भाषेत सापडलेल्या ‘यहूदाच्या शुभवर्तमाना’वरून फार गाजावाजा झाला. त्यातून तेव्हाचा एक पंथ काय मानत होता ते कळतं, यहूदाच्या मनातलं नाही.

त्यानं विकलं काय, हे मात्र नेमकं सांगता येतं. जागा आणि वेळ. याजकांना येशू कोण हे ठाऊक होतं, तो रोज मंदिरात उघड शिकवत होता. त्यांना भीती होती गर्दीची. हवा होता एकांत, रात्र, आणि तिथं नेणारा माणूस. योहान सांगतो, येशूला जिथं धरलं ती बाग यहूदाला माहीत होती, कारण येशू आपल्या शिष्यांना घेऊन तिथं वारंवार जमायचा. अंधारात माणूस चुकू नये म्हणून ठरलेली खूण म्हणजे चुंबन. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि ते परक्याला जमत नाही.

दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या, ख्रिस्ती धर्मावरच्या टीकाकारानं हाच मुद्दा डिवचला: चांगल्या सेनापतीला त्याची माणसं कधी दगा देत नाहीत, मग हा कसला देव? त्याला उत्तर देताना ओरिगेन या ख्रिस्ती पंडितानं अ‍ॅरिस्टॉटलचं नाव घेतलं. वीस वर्षं प्लेटोपाशी शिकून त्यानंही गुरूचं मत खोडलंच की! उत्तर तसं लंगडंच. मत खोडणं वेगळं आणि पहारेकरी घेऊन येणं वेगळं. पण सेल्ससचा टोमणा झोंबत होता, यावरून एक कळतं: ही गोष्ट चर्चनं हौसेनं रचलेली नसावी.

यहूदाच्या नावाचा पुढे युरोपात यहुद्यांविरुद्ध हत्यार म्हणून वापर झाला, हेही सांगायला हवं. वास्तविक येशू यहुदी आणि बाकीचे अकराच्या अकरा शिष्यही यहुदीच.

त्या अकरांचं काय? ‘तुमच्यातला एक जण मला धरून देईल’ म्हटल्यावर एकानंही यहूदाकडे पाहिलं नाही. प्रत्येकानं विचारलं, ‘मी तर नाही ना?’ त्या रात्री सगळे पळाले, पेत्रानं तीनदा ओळख नाकारली. पेत्र रडला आणि परत आपल्या माणसांत आला. यहूदा कबुली द्यायला गेला तो याजकांकडे. ते म्हणाले, ‘त्याचं आम्हाला काय? तुझं तूच पाहा.’ पुढचा शेवटही दोन तऱ्हांनी सांगितलाय: मत्तयात तो गळफास घेतो, ‘प्रेषितांची कृत्ये’ या नव्या करारातल्या पुस्तकात शेतात पालथा पडून त्याचं पोट फुटतं.

मग त्याची रिकामी झालेली जागा भरायचं ठरलं. पेत्रानं अट घातली, माणूस बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या (हा शिष्य योहान नव्हे) बाप्तिस्म्यापासून सतत आपल्यासोबत वावरलेला हवा. दोन नावं पुढे आली, चिठ्ठ्या टाकल्या, मत्थिया निवडला गेला. सोबत वावरण्याची ही अट शेवटच्या त्या आठवड्यापर्यंत यहूदासुद्धा पुरी करत होता.